रणगाड्यातल्या टोपीविषयी एक खुले पत्र

प्रति,
भारतीय लष्कराच्या नव्या रणगाड्याचा आराखडा करणारे अभियंते, त्याच्या चाचण्या घेणारे अधिकारी आणि खरेदीच्या फायलीवर सह्या करणारे सर्व संबंधित यांस,

महोदय, महोदया,

मी अहिल्यानगरची. आमच्या तोंडात अजून ‘नगर’च बसलेलं आहे, तेव्हा पत्रातही तेच येईल. के. के. रेंजवर, म्हणजे खारे कर्जुन्याकडे, तोफा सुरू झाल्या की आमच्या गल्लीतल्या बायका आधी आभाळाकडे बघतात. ढग नसले तर रेंज आहे, पापड राहू द्या गच्चीवर. अशा गावात मी कान तपासायचा दवाखाना चालवते. शिक्षणाने ऑडिओलॉजिस्ट आहे. आर्मर्ड कोअरचं, म्हणजे रणगाडा दलाचं, सेंटर आणि स्कूल इथंच, चिलखती गाड्यांतून लढणाऱ्या पायदळाचं, म्हणजे मेकनाइज्ड इन्फंट्रीचं, केंद्र इथंच, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथंच. त्यामुळे रणगाड्यात उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालेली आणि मग इथंच दोन गुंठे घेऊन घर बांधलेली माणसं माझ्याकडे येत असतात. पहिला पेशंट मात्र घरातलाच. माझे वडील, आप्पा. टी-७२ रणगाड्याचे ड्रायव्हर, दफादार म्हणून निवृत्त.

आप्पांना काही महत्त्वाचं सांगायचं असलं की त्यांचा उजवा हात आपोआप छातीवर जातो आणि अंगठ्याने काहीतरी दाबतो. नव्या पाहुण्यांना वाटतं, छातीत दुखतंय की काय. छातीत काही नाही. तिथं एके काळी एक खटका होता. तो दाबल्याशिवाय रणगाड्यात तुमचं बोलणं दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचत नसे. सवय गेली नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी करतानाही आप्पांनी आधी खटका दाबला होता.

त्या खटक्याच्या वायरीचं दुसरं टोक ज्या वस्तूला जोडलेलं असतं, तिच्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. रशियन बनावटीची, काळ्या कापडाची, डोक्यावरून मानेपर्यंत जाड वळकट्या शिवलेली टोपी. कानांवर दोन इअरफोन, आणि गळ्याभोवती पट्टा, त्यात कंठाच्या दोन्ही बाजूंना टेकणारे दोन बटणाएवढे माइक. आप्पा तिला हेडगिअर म्हणतात, आई म्हणायची कानटोपी. रणगाडा संग्रहालयात येणाऱ्या शाळेच्या सहली तोफेच्या नळीखाली उभं राहून फोटो काढतात. या टोपीकडे बघायला कुणी थांबलेलं मी तरी पाहिलेलं नाही, आणि माझी शंका अशी आहे की आराखड्याच्या टेबलावरही तिच्याकडे असंच शेवटी बघितलं जातं.

आत्ताच लिहायचं कारण तुम्हाला माहीत आहे. संरक्षण खरेदी परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये भविष्यातल्या लढाऊ रणगाड्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. टी-७२ ची जागा घेणारे सुमारे १,७७० रणगाडे. एका रणगाड्यात तीनच माणसं धरली, तरी ५,३१० डोकी आणि १०,६२० कान. तोफ किती मिलिमीटरची, चिलखत किती थरांचं, इंजिन किती अश्वशक्तीचं, यावर वर्तमानपत्रांत रकाने भरून आले. या १०,६२० कानांवर काय बसणार आहे, याबद्दल मी एक ओळही वाचलेली नाही.

आधी माझ्या धंद्यातलं सांगते. पेशंटला ध्वनिबंद खोलीत बसवून आम्ही एकेक स्वर ऐकवतो आणि कागदावर रेघ काढतो. गोंगाटाने कान गेलेल्या माणसाची रेघ लांबूनही ओळखू येते. डावीकडून बरी चालत येते आणि ४,००० हर्ट्झच्या आसपास विहिरीत पडल्यासारखी खाली जाते, मग पुढे जरा वर येते. लोहार, यंत्रमागावरचे कामगार, आणि अलीकडे गणपती-नवरात्रात डीजेच्या भिंतीपुढे नाचणारी पोरं, सगळ्यांची विहीर तिथंच. रणगाडेवाल्यांची फक्त जास्त खोल.

चालत्या पट्टेवाल्या वाहनात आवाज ११० ते १२० डेसिबलपर्यंत जातो. इंजिन एकीकडे, पण खरा दंगा पट्ट्यांचा. लोखंडाच्या कड्या लोखंडी चाकांवरून आपटत जातात आणि सबंध पोलादी पेटी ढोलासारखी वाजते. कानाला ८ तास सोसेल अशी मर्यादा ८५ डेसिबलची धरतात, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. हिशोब करून पाहा. ११५ डेसिबलला उघड्या कानाने दिवसाकाठी साधारण २८ सेकंद मिळतात. चहाचा पहिला घोट थंड व्हायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. तोफेचा धमाका यात धरलेलाच नाही. तो क्षणाचा असतो, पण १४० डेसिबलच्या पुढचा असतो आणि कानातल्या बारीक केसपेशींना एका फटक्यात आडवं करू शकतो. त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. मेंदीसारखी छाटणी नाही ती.

या आकड्यांत गादीची टोपी मधे उभी असते. ती डोकं वाचवते हे सगळ्यांना दिसतं, कारण रणगाड्याच्या आत सगळंच टोकदार आणि पोलादी, आणि शेताचा बांध ओलांडताना माणूस त्यावर आपटतोच. तिचं दुसरं काम ऐकू देण्याचं आणि तिसरं ऐकू न देण्याचं. कमांडरचा शब्द आत यावा, पट्ट्यांचा दंगा बाहेर राहावा. एकाच कानाच्या दारात एकाला आत घ्यायचं आणि दुसऱ्याला हाकलायचं. हे अवघड आहे, आणि म्हणूनच ते शेवटी उरकायचं काम नव्हे.

डोक्यावर काय घालायचं, हा गोंधळ रणगाड्याइतकाच जुना आहे. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये सॉमच्या लढाईत इंग्रजांचे पहिले रणगाडे उतरले. आत आठ माणसं, मधोमध उघडं इंजिन. इतका आवाज की मागच्या गिअरवाल्याला सूचना द्यायला ड्रायव्हर इंजिनच्या झाकणावर हातोडा ठोकायचा किंवा हातवारे करायचा. बाहेर निरोप धाडायला चक्क कबुतरं. डोक्यासाठी चामड्याच्या टोप्या दिल्या होत्या आणि चेहऱ्यासाठी साखळ्यांची झालर लावलेले मुखवटे, कारण गोळी बाहेरून आदळली की आतल्या पत्र्याचे कपचे उडत. चामड्याच्या त्या टोप्या लांबून जर्मन शिरस्त्राणासारख्या दिसतात म्हणून बरेच जण घालायलाच नाखूश असत. शत्रूपेक्षा आपल्याच माणसाची गोळी लागायची भीती जास्त.

पुढे इंग्रजांनी १९२४ ला काळी बेरेट, म्हणजे बिनकाठाची मऊ टोपी, स्वीकारली. काळ्यावर ग्रीसचे डाग दिसत नाहीत आणि वर हेडफोन बसतो, असा रोखठोक विचार. आपल्या आर्मर्ड कोअरची काळी बेरेट त्याच घराण्यातली. अमेरिकनांनी १९३८ च्या टोपीसाठी त्यांच्याकडच्या अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट डोळ्यापुढे ठेवलं आणि ती बनवणाऱ्यांत रॉलिंग्ज ही खेळाचं सामान करणारी कंपनी होती. कडक कवच, वर भोकं, कानावर चामड्याचे पाळे. डोकं आपटण्यापासून बचाव, गोळीपासून नाही.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती जर्मनांची गोष्ट. त्यांनी १९३४ च्या सुमाराला बेरेटच्या आत जाड गादीचं कवच घातलं. डोक्यासाठी उत्तम. त्याच वेळी दुसरीकडे त्यांच्या रणगाडा दलाचा शिल्पकार गुडेरियान, जो स्वतः पहिल्या महायुद्धात संदेशवहनाच्या खात्यात होता, प्रत्येक रणगाड्यात बिनतारी संच हवाच म्हणून हटून बसला होता. संच आले. मग लक्षात आलं की त्या फुगीर बेरेटवर हेडफोन नीट बसतच नाही. १९४१ उजाडेपर्यंत बेरेट बाद. डोक्याचा विचार एका टेबलावर झाला, कानाचा दुसऱ्या. नंतर ते बिचारे साधी टोपी घालून, वर हेडफोन अडकवून लढले. तीन वर्षांनी तुमच्याकडेही कुणी हाच निबंध लिहू नये, एवढ्यासाठी ही गोष्ट.

रशियनांनी मात्र डोकं, कान आणि गळा एकाच टोपीत शिवून टाकले. मला ते डोकं मानावंच लागतं. ती टोपी मऊ आहे, अरुंद झाकणातून बाहेर पडताना अडकत नाही, चिखलात पडली तरी झटकून घालता येते. आप्पा तर तिची उशी करून झोपायचे. हिवाळ्यासाठी आतून लोकर लावलेली वेगळी, उन्हाळ्यासाठी बिनलोकरीची वेगळी. पण रशियाचा उन्हाळा आणि जैसलमेरचा उन्हाळा यांना एकच शब्द वापरणं हाच मुळात विनोद. बाहेर ४५ अंश असताना झाकण बंद केलेल्या पेटीत, वळकट्यांच्या टोपीखाली घामाचं काय होत असेल? माझ्याकडे येणाऱ्या जुन्या क्रूच्या कानांत बुरशीच्या जुन्या खुणा मला नेहमी दिसतात. दमट, गरम आणि बंद, बुरशीला आणखी काय लागतं! आणि घामाने कान खाजायला लागला की माणूस टोपीचा कान जरा उचलतो. उचलला की आत दंगा शिरतो. कागदावर २५ डेसिबल अडवणारी टोपी त्या क्षणी काहीच अडवत नसते.

आता गळ्याच्या माइकचं. ही मोठी हुशार वस्तू. गोंगाट हवेतून येतो, आणि हा माइक हवा ऐकतच नाही, कातडीची थरथर ऐकतो. तोंडापुढे माइक धरला तर पट्ट्यांचा दंगाही आत जाईल, गळ्यावर लावला तर फक्त माणूस जाईल. अडचण अशी की सबंध माणूस जात नाही. कंठात तयार होतो तो घोष, म्हणजे मुख्यतः स्वर. व्यंजनं त्याच्या वर घडतात. टाळूवर, दातांवर, ओठांवर. शाळेत पाठ केलेलं कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य आठवा. गळ्याच्या माइकपासून जसजसं वर जावं तसतसं हातून निसटत जातं. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांची तर वाफच उरते.

आप्पांची एक गोष्ट सांगते. रेजिमेंटचं आणि साहेबांचं नाव घेत नाही, आप्पांनीही कधी घेतलं नाही. राजस्थानात सरावाची रात्र. रणगाडा मागे घ्यायचा होता. टी-७२ चा ड्रायव्हर पुढच्या पोटात जवळजवळ आडवा बसलेला असतो, झाकण लावलं की त्याला पेरिस्कोपमधून समोरची पट्टी दिसते तेवढीच. मागचं काहीही दिसत नाही. रिव्हर्स घेताना त्याचे डोळे म्हणजे कमांडरचा आवाज. त्यातून हा रणगाडा मागे जातो ताशी जेमतेम ४ किलोमीटरने, म्हणजे ऐकायला वेळ भरपूर. कमांडर म्हणाला, ‘बस, बस.’ ओठांचा ‘ब’ अर्धा गळला, दातांचा ‘स’ पूर्ण गळला, आणि आप्पांच्या कानांत उरलं ‘अ… अ…’. त्यांना वाटलं, साहेब ‘आ, आ’ म्हणतायत. मग काय, आले. पाण्याची ट्रॉली होती मागे. तिच्यात माणूस नव्हता हे नशीब. दुसऱ्या दिवशी सगळ्या स्क्वॉड्रनला पाणी मोजून मिळालं आणि आप्पांचं नाव बरेच महिने ‘आ-आ’ पडलं होतं.

घरी ही गोष्ट हसून सांगितली जाते. मी शिकायला लागले तेव्हा तिच्यातलं दुसरं काहीतरी मला दिसलं. गोंगाटाने कान जातो तोही वरच्या बाजूने, ४,००० हर्ट्झकडून. म्हणजे पहिल्यांदा जातात ती पुन्हा तीच, ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’, ‘ट’, ‘क’. स्वर जाड असतात, ते खाली बसतात आणि टिकतात. रणगाड्याने व्यंजनं आधी वायरीत गिळली आणि पंधरा वर्षांनी कानातूनही काढून नेली. आज आप्पांना ‘आवाज येतो पण शब्द कळत नाही’. माझ्याकडचे निम्मे निवृत्त क्रू हेच वाक्य जसंच्या तसं बोलतात. घरचे म्हणतात, टीव्ही मोठा लावतात आणि तरी ‘काय म्हणाली ती?’ विचारतात. मोठ्या आवाजाने स्वरच मोठे होतात, व्यंजनं कुठून आणायची?

लष्कराला हे ठाऊक नाही असं मी म्हणत नाही. जुन्या लोकांनी शब्दच असे निवडलेत की गोंगाटात गल्लत होऊ नये. कवायतीत ‘दाएँ’ म्हणत नाहीत, ‘दाहिने’ म्हणतात, कारण ‘दाएँ’ आणि ‘बाएँ’ वाऱ्यावर सारखेच. हे ज्याने ठरवलं त्याला मी मनोमन मानते. माझं म्हणणं एवढंच की ही अक्कल शब्दांत आली, तशी वस्तूतही यावी.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, बाई, हा कल्याणकारी विषय झाला, आम्हाला मारक क्षमता बघायची असते. तर मारक क्षमतेचंच बोलू. १९९० साली अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी क्रूला रणगाड्याच्या सिम्युलेटरमध्ये बसवलं आणि इंटरकॉमवर शब्द किती स्पष्ट कळतो तेवढंच कमीजास्त केलं. शब्द चांगला कळत होता तेव्हा लक्ष्य ओळखायला सरासरी ४० सेकंद लागले, वाईट कळत होता तेव्हा ९०. गनरने हुकूम चुकीचा ऐकण्याचं प्रमाण १ टक्क्यावरून ३७ टक्क्यांवर गेलं. आणि शत्रूकडून स्वतः मारले जाण्याचं ७ वरून २८ टक्क्यांवर. तोफ तीच, चिलखत तेच, माणसं तीच. ७ आणि २८ यांच्यामधल्या फरकासाठी चिलखताचे किती टन वाढवावे लागले असते, हे तुम्हीच मला सांगा.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे, ते सिम्युलेटरमधलं नाही. १६ डिसेंबर १९७१, शकरगढच्या आघाडीवर जरपालजवळ, पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. १८१७ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या रिसाल्यापासून चालत आलेली ही रेजिमेंट, म्हणून आम्हाला तिचा जरा जास्तच अभिमान. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याला आग लागली होती, बाहेर पडा असा वायरलेसवर हुकूम होता. रणगाडा सोडणार नाही, तोफ अजून चालते आहे, असं त्यांनी उलट कळवलं आणि पुढे लढत राहिले, तिथंच गेले. वय २१. परमवीर चक्र मिळालं. आज शाळेतल्या पोरांना ते उत्तर ठाऊक आहे, ते का? कारण त्या धुरात, त्या दणक्यात माइकने ते उचललं आणि पलीकडच्या कानाला ते कळलं. मला त्या प्रसंगात शौर्याच्या जोडीला ती वायरही दिसते. हा माझ्या धंद्याचा दोष समजा.

आता तुमच्याकडे मागायचं ते. टोपी ही रणगाड्याच्या पहिल्या चित्रात हवी, सुट्या सामानाच्या यादीत नको. झाकणाचं भोक किती रुंद, हे टोपी घातलेल्या डोक्यावरून ठरावं. नेम धरायच्या साइटच्या रबरी चौकटीवर कपाळ कुठं टेकतं, मान वळवताना कानाचा पाळा कुठं घासतो, हे लाकडी नमुन्यात बसूनच कळतं. बसायला माणसंही आपली घ्या. आप्पांच्या ट्रूपमध्ये शीख गडी होते. पटका बांधून वर टोपी घातली की कानाच्या गादीला फट राहायची आणि ते बिचारे दिवसभर तळहाताने कान दाबून धरायचे. चष्म्याची दांडी गादीखालून गेली तरी तशीच फट पडते, आणि कानाच्या बाबतीत फट लहान-मोठी नसते. नळ ठिबकत असला की बादली भरतेच. तेव्हा लहान, मध्यम, मोठी असे तीन आकार मागवून मोकळं होऊ नका. डोकी मोजा. पटका, केस, चष्मा यांसकट मोजा.

गोंगाटाला उलट लाट सोडून मारणारं तंत्र आता नवलाईचं राहिलेलं नाही, पोरं ते कानात घालून एसटीत झोपतात. ते तंत्र रुजवणाऱ्यांत अमर बोस यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. वडील बंगालमधले क्रांतिकारक, इंग्रजांच्या तावडीतून निसटून अमेरिकेला गेलेले. मुलाला १९७८ मध्ये विमानात बसल्याबसल्या हेडफोनमधल्या घरघरीचा वैताग आला आणि त्याने तिथंच गणित मांडायला घेतलं. पुढे त्यांच्या कंपनीचे संच अमेरिकी रणगाड्यांच्या क्रूपर्यंत पोचले. या तंत्राची गंमत अशी की ते खालच्या, जाड आवाजांवर चांगलं चालतं, आणि गादी नेमकी तिथंच कमी पडते. वरचे बारीक आवाज गादी अडवते. म्हणजे दोघांचा संसार छान जमतो. पण बॅटरी संपली, वायर तुटली, तर उरते ती गादीच. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या भरवशावर गादी पातळ करून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि दंगा कमी झाला नाही तर क्रू काय करतो? इंटरकॉमचा आवाज वाढवतो. मग कान खराब करायचं काम इअरफोनच पुढे नेतो.

शब्द कळतो की नाही याची चाचणी इंग्रजी शब्दांच्या याद्या वाचून घेऊ नका, ही माझी हट्टाची मागणी. आपल्या रणगाड्यात हिंदी बोलली जाते, पण ती सातारच्या, संगरूरच्या आणि सेलमच्या तोंडातून येते. तमिळ बोलीत महाप्राण नाहीत, आमच्या मराठी ‘च’ चे दोन उच्चार, पंजाबीत ‘घ’ आणि ‘भ’ सुरावर चढतात. जो माइक ‘क’ आणि ‘ख’ एकच करून टाकतो तो कुणाला किती नडेल, हे सातारचा बोलतोय आणि सेलमचा ऐकतोय अशा जोड्या लावूनच कळेल. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, वाक् आणि श्रवण हाच तिचा विषय. देशात असे लोक आहेत. त्यांना बोलवा. थरच्या वाळवंटात मे महिन्यात, झाकण बंद करून, तोफ डागत चाचणी घ्या. झोरावरसारखे हलके रणगाडे लडाखसाठी घडवताय, तर तीच टोपी तिथल्या थंडीतही घालून बघा. वातानुकूलित खोलीत पुतळ्याच्या डोक्यावर चढवलेली टोपी नेहमीच पास होते.

बारीकसारीक गोष्टींत एकच सांगते. वायर ओढली की आपोआप सुटली पाहिजे. आग लागल्यावर माणूस प्लग शोधत बसणार नाही, तो वर उडी मारणार. आणि कानाच्या गाद्या बदलत्या ठेवा, माणशी स्वतंत्र. दुसऱ्याच्या घामाने भिजलेली गादी कानाला लावायची पाळी आप्पांवर किती वेळा आली, ते त्यांनी मोजलेलं नाही, मी त्यांच्या कानात मोजलंय.

राहिली तपासणी. भरतीच्या वेळी सहा मीटर दहा सेंटीमीटरवरून कुजबुजून बघतात, ऐकू आलं की कान पास. दारातून आत घ्यायला ते ठीक. पण सुरुवातीची झीज त्यात हमखास पकडली जाईल असं नाही, त्याला रेघच काढावी लागते. क्रूमध्ये घेताना एक रेघ, मग दर वर्षी एक, आणि ती फाईल माणसाबरोबर फिरावी. रेघ खाली गेली तर आधी टोपी तपासावी. आप्पांनी शेवटची सहा-सात वर्षं कानाचं लपवलं. वैद्यकीय कॅटेगरी खाली येईल, रणगाडा सुटेल, बढती अडकेल. ओठ बघून बघून हुकूम ओळखायचे, आणि रणगाड्यात तर ओठही दिसत नाहीत. त्यांचंही चुकलं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. ऐकू आलं की नाही ते माहीत नाही.

हेडगिअर आप्पांनी निवृत्तीच्या वेळी स्टोअरला जमा केलं, पावती अजून ट्रंकेत आहे. त्यामुळे दाखवायला माझ्याकडे टोपी नाही. रेघा मात्र आहेत, नावं झाकून बऱ्याच जणांच्या देता येतील, त्यांची परवानगी मी घेतली आहे. तुमच्यापैकी कुणी कामानिमित्त नगरला आलात तर दवाखान्यात या. ध्वनिबंद खोली आहे, आप्पा बसायला तयार आहेत, टी-७२ च्या झाकणाबद्दल त्यांना जे म्हणायचंय त्याला अर्धा तास तरी लागेल. फक्त त्यांच्या उजव्या बाजूला बसा. डावा कान बराच गेलाय.

आपली,
नगरची एक ऑडिओलॉजिस्ट,
निवृत्त दफादाराची मुलगी